किती लागतील, ते आधी लिहून द्या

तासगावातल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाचं टेबल माझ्याकडे आहे, त्याला आता सतरा वर्षं झाली. द्राक्षबागेच्या छाटणीला पैसे लागतात म्हणून लोक येतात, पोरीच्या लग्नाला येतात, पोराच्या फीला येतात. त्यांना आकडा माहीत असतो. औषध-दुकानाची उधारी इतकी, मजुरी इतकी, फी इतकी. दवाखान्यासाठी आलेल्या माणसाला मात्र आकडा माहीत नसतो. "किती पाहिजेत?" असं विचारलं की तो रुमालातली पुडी पुढं सरकवतो आणि म्हणतो, "ह्याच्यावर जेवढं बसत्यात तेवढं द्या."

"दवाखान्यात किती सांगितलंय?"

"सांगितलं न्हाई. पैशाच्या तयारीत ऱ्हावा म्हणल्यात."

मग सराफ दागिना कसाला लावतो, काट्यावर वजन होतं, मी पावती करते. बरोबर आलेल्या बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांची तेवढी एक पोत उरलेली असते आणि गंठण जिथं रुळायचं तिथं कातडीवर फिकट पट्टा दिसतो. पैसे मोजून घेतानाही त्यांना माहीत नसतं की हे पुरणार आहेत की परवा पुन्हा यायचंय. बरेच जण पुन्हा येतात.

आमच्या घरावर ही वेळ 2019 च्या उन्हाळ्यात आली. अण्णांच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. रात्री अकरा वाजता गाडी करून सांगलीला नेलं. आतड्याला पीळ पडलाय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री पैशाचा प्रश्न आमच्या मनातही नव्हता आणि विचारायची ती वेळही नव्हती. डॉक्टरांनी अण्णांचा जीव वाचवला, ते मी कधी विसरणार नाही. पण तिसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर होते, बोलत होते, धोका टळला होता. तेव्हा दादानं काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "दीड-दोन लाखात होऊन जाईल." सातव्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "फायनल बिलात कळेल." अकराव्या दिवशी बिल हातात पडलं ते 3 लाख 87 हजारांचं. त्यात एक ओळ होती, 'औषधे व साहित्य', आणि तिच्यापुढं 1 लाख 12 हजार. कोणतं औषध, किती, कितीला, काही नाही. सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितलेला पेशंट पैसे जमेपर्यंत संध्याकाळी सातला सुटला. कपडे घालून, टोपी घालून अण्णा दिवसभर कॉटच्या कडेवर बसून होते.

त्या अकरा दिवसांत अण्णा रोज एकच विचारायचे. मी डबा घेऊन गेले की माझ्या हाताला धरून जवळ ओढायचे, शेजारच्या कॉटवर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणायचे, "किती झालं गं?" आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणारी त्यांची पोरगी, आणि तिला सांगता यायचं नाही. मी म्हणायचे, "तुम्ही नका काळजी करू." ते तोंड फिरवून पडून राहायचे. आईच्या पाटल्या, बोरमाळ, माझी चेन, सगळं माझ्याच टेबलावर तारण ठेवलं. पाटल्या आणि चेन पुढं सोडवल्या. बोरमाळ मोडली. ती आईच्या आईची होती.

अण्णा त्यानंतर अडीच वर्षं होते. ते गेल्यावर दादानं पहिलं काय केलं असेल, तर आईच्या नावानं आरोग्य विमा उतरवला. तीन लाखांचा, ज्येष्ठ नागरिकांचा. आणि मी मनाशी ठरवलं की पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढायची वेळ आली आणि विचारायला एवढीशी जरी सवड असली, तर आकडा आधी घ्यायचा, आणि तो कागदावर घ्यायचा.

ती वेळ आईच्या गुडघ्यांनी आणली. उजवा गुडघा चार वर्षं दुखत होता. तेल झालं, शेक झाला, इंजेक्शनं झाली. शेवटी न्हाणीघरात जाताना भिंत धरायला लागली, तेव्हा सांगलीच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली फट आतल्या बाजूला पार मिटून गेली होती. सांधा बदलायला हवा. आपल्याकडं लोक त्याला 'वाटी बसवणं' म्हणतात. घाई नव्हती. एक-दोन महिने इकडंतिकडं झाले तरी चालणार होतं. म्हणजे चार ठिकाणी विचारायला आमच्याकडं वेळ होता.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "ताई, आधी अॅडमिट व्हा, मग बघू. आत्ता अंदाज कसा देणार?" मी म्हटलं, दरपत्रक असेल ना? तो म्हणाला, आहे की. कुठं आहे? त्याला सापडेना. मीच हिंडून शोधलं. पिण्याच्या पाण्याच्या मशीनच्या मागं, इंग्रजीत, बारीक अक्षरात, प्लास्टिकमध्ये घातलेलं. आईसारख्या बाईनं ते कधी वाचावं?

दुसरा दवाखाना मिरजेत. मिरजेबद्दल सांगायला हवं. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, 1962 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आता तर स्टेशनपासून निघालं की दर गल्लीत एक-दोन दवाखाने. अथणी, चिकोडी, विजापूरकडून माणसं येतात. वेटिंगमध्ये बसलं की एका कानात मराठी आणि दुसऱ्या कानात कानडी. एवढी लांबून आलेली माणसं आकडा न विचारता भरती होतात, कारण परत जाऊन विचारून यायची सोय नसते. तर त्या दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं लिहून दिलं, '1.60 पॅकेज'. मला आधी बरं वाटलं. मग मी विचारलं, ह्यात सांधा कोणत्या कंपनीचा? भूलतज्ज्ञांची फी आत आहे का? फिजिओथेरपी? सहाव्या दिवसापुढं राहावं लागलं तर? एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. "ते सगळं होतं हो त्यात," असं म्हणाले. 'सगळं' हा शब्द आमच्या धंद्यात कुठल्याच कर्जरोख्यात चालत नाही.

ह्या दोन फेऱ्यांनंतर मी रात्री बसून वाचायला सुरुवात केली. आमच्या संस्थेच्या वकिलांनी मदत केली. आपल्या राज्यात खासगी दवाखान्यांची नोंदणी 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत 14 जानेवारी 2021 रोजी दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद त्यात आली. आजार काय, उपचार काय, धोके काय, ह्यांच्या जोडीनं अपेक्षित खर्च किती, ही माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे असं तिथं आहे. दवाखान्यानं सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावायचं: प्रवेश फी, कॉटचं रोजचं भाडं, डॉक्टरांच्या व्हिजिटची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, असे पंधरा प्रकारचे दर. त्याच दवाखान्याच्या मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती नाही, हेही आहे. तक्रार असेल तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं.

त्याच्याही आधीचं एक वाक्य वकिलांनी दाखवलं आणि मी ते तीनदा वाचलं. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे नियम 2002 साली भारतीय वैद्यक परिषदेनं केले, त्यात लिहिलंय की डॉक्टरनं आपली फी उपचार करण्याआधी सांगावी, ऑपरेशन किंवा उपचार सुरू झाल्यावर नव्हे. 2002 मध्ये! अण्णा भरती झाले त्याच्या सतरा वर्षं आधी. पेशंटनं मागितल्यावर केसपेपर 72 तासांत द्यायचे, हेही त्याच नियमांत. आणि बिल भागलं नाही म्हणून पेशंटला थांबवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 17 हक्कांची जी सनद तयार केली तिच्यात हा हक्क स्पष्ट मांडला आहे. टोपी घालून बसलेले अण्णा मला त्या रात्री डोळ्यांसमोरून हलेनात. कुणीतरी तेव्हा एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं.

मग मी अर्ज लिहिला. आमच्याकडं कर्जमागणीचा अर्ज असतो तसाच, साध्या मराठीत, एका पानाचा. आईचं नाव, वय 67, निदान, सुचवलेलं ऑपरेशन. खाली: 'सदर ऑपरेशनच्या अपेक्षित खर्चाचा लेखी अंदाज मिळावा. त्यात खोलीचे रोजचे भाडे व अंदाजे दिवस, सर्जन, सहायक व भूलतज्ज्ञ यांची फी, थिएटरचा खर्च, सांध्याची कंपनी, प्रकार व किंमत, औषधे व साहित्य, तपासण्या, फिजिओथेरपी हे वेगवेगळे दाखवावे. कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन रकमा द्याव्यात. खर्च जास्तीत जास्त रकमेच्या पुढे जाणार असेल, तर आधी आम्हाला सांगावे.' आणि सही. शेवटची दोन वाक्यं मला अण्णांच्या अकरा दिवसांनी शिकवली होती.

तिसरा दवाखानाही मिरजेतलाच, लहानसा, वीस-पंचवीस कॉटचा. डॉक्टरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, बसा." मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "मी लिहून देतो. पण माझीही एक बाजू ऐका. मी दीड लाख लिहिले, आणि आत गेल्यावर हाड ठिसूळ निघालं, वेगळा स्टेम, म्हणजे हाडात खोल बसणारा दांडा, घालावा लागला, पावणेदोन झाले. मग नातेवाईक कागद नाचवतात. दोन ठिकाणी काचा फुटलेल्या मी बघितल्यात. म्हणून आमच्यातले बरेच जण लिहायलाच घाबरतात."

त्यांचं खोटं नव्हतं. माणसाचं शरीर म्हणजे काही घरबांधणीचा ठेका नाही, आणि भावनेच्या भरात मारहाणीवर उतरणारी माणसं आपल्याच गावांतली असतात. मी म्हटलं, "म्हणूनच दोन रकमा मागितल्यात, डॉक्टर. आणि वरची ओलांडायच्या आधी एक फोन. मग आमच्या हातात नाचवायला काही उरतच नाही." ते थोडा वेळ अर्जाकडंच बघत राहिले. मग इन्चार्ज सिस्टरना बोलावून त्यांनी छापील फॉर्म मागवला. त्यांच्याकडं फॉर्म होता! सिस्टर म्हणाल्या, विमेवाल्यांसाठी भरतो, पेशंटनं कुणी कधी मागितला नाही.

तो फॉर्म भरताना जे कळलं, ते सांगायलाच हवं.

पहिली गोष्ट खोलीची. मला वाटायचं, जनरल वॉर्ड आणि स्पेशल खोली ह्यात फरक फक्त भाड्याचा. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी खोली बदलली की सर्जनची फी, भूल, थिएटर, व्हिजिट, सगळंच वरच्या दरानं लागतं. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, टेबल तेच. आणि विमा असेल तर ह्याच्यावर आणखी एक घाव बसतो. आईच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे रोज 3,000. दादा म्हणत होता, आईला स्पेशल खोली घेऊ, 4,000 ची, रोजचे हजार आपण भरू, पाच दिवसांचे पाच हजार. सिस्टरनी कागदावर गणित करून दाखवलं. मर्यादेपेक्षा महागाची खोली घेतली की कंपनी खोलीशी जोडलेले बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापते. 4,000 ला 3,000, म्हणजे पाऊण. फी, थिएटर, नर्सिंग मिळून 80 हजार झाले तर त्यातले 20 हजार आपल्या अंगावर. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेल्या साहित्याला ही कात्री लावायची नसते, तेवढं बरं. हे जर भरती झाल्यावर कळलं असतं तर पाच हजारांची हौस पंचवीसला पडली असती. आम्ही 2,800 ची सेमी-स्पेशल घेतली. शेजारच्या कॉटवर जतकडच्या एक आजी होत्या, आईचा वेळ चांगला गेला.

दुसरी गोष्ट त्या सांध्याची. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या कमाल किमती केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं ऑगस्ट 2017 मध्ये बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या, म्हणजे नेहमी वापरतात त्या सांध्याच्या पूर्ण संचाला 54,720 रुपये आणि वर जीएसटी. त्याआधी सहा महिने हृदयातल्या स्टेंटच्या किमती अशाच खाली आणल्या होत्या. दवाखान्यानं बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायची असते, कंपनी आणि बॅच नंबरसकट. हे मला वाचून माहीत होतं. पण 'पूर्ण संच' म्हणजे काय, ते डॉक्टरांनी टेबलावरच्या नमुन्यावर दाखवलं. चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारी चकचकीत टोपी, नडगीवर बसणारी बैठक, दोन्हींच्या मधली पांढऱ्या प्लास्टिकची गादी, आणि चौथी, खऱ्या वाटीच्या, म्हणजे गुडघ्यावरच्या गोल हाडाच्या, आतून लावायची छोटी चकती. डॉक्टर म्हणाले, "ही चौथी प्रत्येकाला लागत नाही. आईंची वाटी चांगली असेल तर मी लावणार नाही."

मी विचारलं, "मग तिचे पैसे?"

"लावली नाही तर लागणार नाहीत. ह्या फॉर्मवर तसं लिहितो." आणि त्यांनी सांध्याच्या रकमेपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चौथा भाग गरजेनुसार, न वापरल्यास वजा'. 2017 च्या आदेशात त्या चकतीची कमाल किंमत 4,090 होती. रक्कम फार मोठी नाही. पण मी त्या दिवशी प्रश्न विचारला नसता तर असा काही चौथा भाग असतो हेच मला कधी कळलं नसतं.

औषधांचंही बोलून घेतलं. थिएटरमध्ये लागणारं सगळं त्यांच्याकडचं. ते मला पटलं, तिथं जबाबदारी त्यांची. घरी गेल्यावरच्या गोळ्या, वॉकर, कमोडची खुर्ची मात्र बाहेरून घेतली तरी हरकत नाही. वॉकर आम्ही मिरजेच्या बाजारातून आणला.

फॉर्मवर आकडा पडला: 1 लाख 55 हजार ते 1 लाख 75 हजार. सही, शिक्का, तारीख. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं मी तिथंच विचारलं होतं. त्या दवाखान्यात ह्या ऑपरेशनला योजना लागू नव्हती. सरकारी दवाखान्यात चौकशी केली तर तिथं थांबावं लागणार होतं, आणि आई भिंत धरून चालत होती. पण ज्यांच्याकडं विमा नाही त्यांनी पहिली चौकशी ह्या योजनेचीच करावी. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, 155388 वर फोन करूनही कळतं. भरती होतानाच सांगावं लागतं, बिल भरून झाल्यावर सांगून उपयोग नाही. आणि दवाखाना धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन पेशंटांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तेही विचारायचं.

आता माझ्या हातात कागद होता, आणि कागद असला की मला बाकीचं येतं. आईच्या पॉलिसीत 20 टक्के आपण भरायचे. हातमोजे, कापूस, नोंदणीचे पैसे असल्या, कंपनी न देणाऱ्या गोष्टींचे सिस्टरनी अंदाजे नऊ-दहा हजार सांगितले. वरची रक्कम धरली तरी आमच्यावर येणार होते 43 हजार. मी आईला सांगितलं, 45 हजार लागतील. आई म्हणाली, "पक्कं?" मी तिला फॉर्म वाचून दाखवला, प्रत्येक ओळ. तिनं दोन्ही हातांतल्या पाटल्यांकडं बघितलं, डाव्या हाताला साबण लावून एकच पाटली काढून दिली, आणि उजव्या हातातली तशीच ठेवून म्हणाली, "मग ही ऱ्हाऊ दे."

ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी संस्थेत असताना फोन आला, दवाखान्याचा. काळजात चर्र झालं. पण पलीकडून सिस्टर सांगत होत्या, "आई ठीक आहेत. हिमोग्लोबिन थोडं उतरलंय, डॉक्टर एक पिशवी रक्त द्यायचं म्हणताहेत. ते अंदाजात नव्हतं. तपासण्या धरून साधारण अडीच हजार वाढतील. वरच्या रकमेच्या आतच आहे, तरी तुम्हाला सांगायचं ठरलं होतं म्हणून फोन केला." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं रडले. शेजारच्या मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट घडलं. मी त्यांना कसं सांगणार, की अण्णांच्या अकरा दिवसांत हा असा एक फोन आम्हाला आला असता तर अण्णा रात्री झोपले असते.

सहाव्या दिवशी बिल आलं. 1 लाख 63 हजार 420. चार पानी. मी काउंटरसमोरच्या बाकावर बसून फॉर्मशेजारी बिल धरून ओळीओळीनं ताडून बघितलं, आणि कुणी मला घाई केली नाही. सांध्याचं पान वेगळं होतं. त्यावर कंपनीचे स्टिकर चिकटवलेले, बॅच नंबरसकट. मोजले. तीन होते. चौथी चकती लावली नव्हती आणि बिलातही नव्हती. एका तपासणीचे पैसे दोनदा लागले होते. दाखवल्यावर लगेच कमी करून दिले, ते धरूनच वरचा आकडा. कंपनी न देणाऱ्या गोष्टी 8,420, राहिलेल्या 1 लाख 55 हजारांतले 20 टक्के म्हणजे 31 हजार. आम्ही भरले 39,420. दवाखान्यानं डिस्चार्जसाठी मंजुरी मागितली की विम्याची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, असा विमा नियामकाचा 2024 चा आदेश आहे. आमची अडीच तासांत आली. आई दुपारी वॉकर धरून स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेली.

पहिल्या दवाखान्याबद्दल मी महापालिकेच्या आरोग्य विभागाला अर्ज दिला, दरपत्रक दिसेल अशा जागी आणि मराठीत लावायला सांगा म्हणून. पोच घेतली. महिन्याभरानं सांगलीला गेले तेव्हा मुद्दाम डोकावले. पाण्याच्या मशीनमागचा कागद आता काउंटरच्या शेजारी होता. इंग्रजीतच, पण उजेडात. मराठीसाठी दुसरा अर्ज केलाय.

माझ्या अर्जाचा नमुना नावं काढून मी टाइप करून ठेवला. संस्थेच्या व्यवस्थापकांना विचारून त्याच्या झेरॉक्स सोनेतारणाच्या टेबलावर ठेवते. जे रात्रीतून धावपळीत आलेत त्यांना मी हे काढून दाखवत नाही, त्यांचं काम आधी करते. पण ज्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्यांना बसवते.

परवा सावळजकडचे एक काका आले. काकूंच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, सोमवारी. रुमालात बोरमाळ आणि दोन अंगठ्या. मी नेहमीचं विचारलं, किती सांगितलेत? "तयारीत ऱ्हावा म्हणल्यात." मी झेरॉक्स पुढं केली. ते वाचायला लागले तसे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "असं इचारलं तर डाक्टर रागवायचं न्हाईत का ओ?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही ट्रॅक्टरच्या कामाला आकडा विचारता की नाही?"

त्यांनी दवाखान्यात बसलेल्या पुतण्याला फोन लावला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. नंतर बाकावर बसून राहिले, रुमाल मांडीवर. पाऊण तासानं फोन वाजला. पुतण्यानं फोटो पाठवला होता. दवाखान्याच्या लेटरहेडवर, हातानं लिहिलेलं, 58 ते 66 हजार, खाली सही. काकांनी मोबाइल लांब धरून आकडा दोनदा वाचला, घरात किती आहेत ते बोटांवर मोजलं, आणि म्हणाले, "मग तीसच द्या." रुमाल उघडून त्यांनी दोन अंगठ्या माझ्यापुढं ठेवल्या. बोरमाळ पुन्हा गुंडाळली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली.